झिरकॉन स्फटिकातील किरणोत्सर्गजन्य हानीचे मापन आणि भूवैज्ञानिक कालनिर्णय

बीजसंज्ञा : झिरकॉन, अल्फा-क्षय, किरणोत्सर्गजन्य हानी, रामन वर्णपट, युरेनियम-शिसे कालमापन, तापीय इतिहास.

प्रस्तावना

पृथ्वीच्या वयासंबंधी, पर्वतांच्या निर्मितीसंबंधी किंवा एखाद्या ज्वालामुखी उद्रेकाच्या काळासंबंधी जी आकडेवारी पाठ्यपुस्तकांतून दिली जाते, तिच्यातील फार मोठा भाग झिरकॉन या खनिजाच्या अभ्यासातून आलेला आहे. वाळूच्या कणाएवढा, पुष्कळदा त्याहूनही लहान असलेला हा स्फटिक आपल्या पोटात युरेनियम व थोरियम ही किरणोत्सारी मूलद्रव्ये बाळगतो. या मूलद्रव्यांचा ठरावीक गतीने क्षय होऊन शेवटी शिसे तयार होते. उरलेले युरेनियम आणि साठलेले शिसे यांच्या प्रमाणावरून स्फटिकाचे वय काढता येते. ही पद्धत भूविज्ञानातील सर्वांत विश्वसनीय कालमापन पद्धतींपैकी एक मानली जाते.

परंतु ज्या क्षयामुळे हे घड्याळ चालते, तोच क्षय त्या घड्याळाची पेटीही हळूहळू मोडत असतो. प्रत्येक क्षयाबरोबर स्फटिकातील अणूंची सुव्यवस्थित रचना थोडी विस्कळीत होते. कोट्यवधी वर्षांत ही हानी साठत गेली, की शिसे स्फटिकाबाहेर निसटू लागते आणि मिळणारे वय खऱ्या वयापेक्षा कमी भरते. म्हणूनच झिरकॉनने सांगितलेल्या वयावर विश्वास ठेवण्यापूर्वी त्याच्या रचनेची हानी किती झाली आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. या हानीचे मापन केवळ चूक टाळण्यासाठी उपयोगी पडते असे नाही. ती हानी स्वतःच खडकाच्या इतिहासाची एक स्वतंत्र नोंद आहे. ही हानी कशी घडते, ती कशी मोजतात आणि कालनिर्णयात तिचा अर्थ कसा लावतात, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. कालमापनासाठी झिरकॉनच का?

झिरकॉन म्हणजे झिर्कोनियमचे सिलिकेट होय. दागिन्यांत हिऱ्याऐवजी वापरला जाणारा कृत्रिम 'अमेरिकन डायमंड' हा झिर्कोनियमचा ऑक्साइड असतो. तो वेगळा पदार्थ आहे. नैसर्गिक झिरकॉन मुख्यतः ग्रॅनाइटसारख्या अग्निजन्य खडकांत आढळतो. तो कठीण असतो, रासायनिक दृष्ट्या अतिशय टिकाऊ असतो आणि मूळ खडक झिजून गेला तरी वाळूत शिल्लक राहतो. त्यामुळे जो खडक आज पृथ्वीवर अस्तित्वातच नाही, त्याचीही साक्ष झिरकॉन देऊ शकतो.

कालमापनाच्या दृष्टीने त्याचा दुसरा गुण अधिक महत्त्वाचा आहे. स्फटिक वाढत असताना झिर्कोनियमच्या काही जागा युरेनियम व थोरियमचे अणू घेतात; शिशाच्या आयनाला मात्र त्या रचनेत सामावण्याजोगी जागा नसते. परिणामी जन्माच्या वेळी झिरकॉनमध्ये शिसे जवळजवळ नसतेच. नंतर त्यात जे शिसे सापडते, ते बहुतांशी क्षयातूनच आलेले असते. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४६.८ कोटी वर्षे असून त्याचे रूपांतर शिसे-२०६ मध्ये होते. युरेनियम-२३५ चे अर्धायुष्य सुमारे ७०.४ कोटी वर्षे असून त्यापासून शिसे-२०७ मिळते. एकाच स्फटिकात अशी दोन स्वतंत्र घड्याळे चालू असतात. दोहोंनी सांगितलेले वय जुळले, तर ते विश्वासार्ह. न जुळले, तर मध्यंतरी स्फटिकाने काहीतरी गमावले असले पाहिजे, असे अनुमान निघते. ही तुलना आलेखाच्या साहाय्याने करण्याची पद्धत जॉर्ज वेदरिल यांनी १९५६ मध्ये मांडली. आजही प्रत्येक प्रयोगशाळेत ती वापरली जाते.

२. हानी घडते कशी?

युरेनियम-२३८ च्या एका अणूचे शिशात रूपांतर होईपर्यंत ८ अल्फा-कण बाहेर पडतात. युरेनियम-२३५ च्या बाबतीत ७ आणि थोरियम-२३२ च्या बाबतीत ६. बीटा-कण व गॅमा-किरण यांच्यामुळे होणारी हानी अल्प असते. खरी हानी अल्फा-क्षयामुळे होते, आणि तिचे दोन भाग पडतात.

पहिला भाग अल्फा-कणाचा. हा हलका कण झिरकॉनमध्ये सरासरी १५ ते २० मायक्रोमीटर अंतर तोडतो. वाटेत तो आपली बहुतेक ऊर्जा इलेक्ट्रॉनांना देतो आणि प्रवासाच्या अखेरीस सुमारे शंभर-दीडशे अणू जागचे हलवतो. दुसरा भाग प्रत्याघाताचा. बंदुकीतून गोळी सुटली की बंदूक मागे ढकलली जाते. तसेच अल्फा-कण सुटताच मागे राहिलेले जड अणुकेंद्र उलट दिशेने ढकलले जाते. त्याची ऊर्जा अल्फा-कणाच्या ऊर्जेच्या सुमारे दोन टक्केच असते आणि ते जेमतेम काही दशक नॅनोमीटर सरकते. परंतु वस्तुमान जास्त असल्याने या छोट्याशा अंतरात ते शेकडो अणूंना त्यांच्या जागांवरून उखडून टाकते. तेथे काही नॅनोमीटर रुंदीचा, स्फटिकी शिस्त हरवलेला एक ठिपका तयार होतो. झिरकॉनची बहुतांश हानी अशा प्रत्याघाती ठिपक्यांची बनलेली असते.

याखेरीज युरेनियम-२३८ चे अणुकेंद्र क्वचित आपोआप दुभंगते. सुमारे १८ लाख अल्फा-क्षयांमागे असे एक विखंडन घडते. दोन तुकडे विरुद्ध दिशांना वेगाने फेकले जाऊन सुमारे १० ते ११ मायक्रोमीटर लांबीचा एक सरळ मार्ग मागे सोडतात. एकूण हानीत या विखंडन-मार्गांचा वाटा किरकोळ असला, तरी ते एकेक करून मोजता येतात, हे त्यांचे वैशिष्ट्य आहे.

सुरुवातीस हे विस्कळीत ठिपके सुटे सुटे असतात. भोवताली अखंड स्फटिक असतो. संख्या वाढत गेली की ते एकमेकांवर पडू लागतात, मग परस्परांना जोडले जातात, आणि शेवटी स्फटिकाचे अवशेषच विस्कळीत भागात बेटांसारखे उरतात. अखेर बाह्य आकार स्फटिकाचा, पण अंतर्गत रचना काचेसारखी, अशी अवस्था येते. तिला 'मेटामिक्ट' अवस्था म्हणतात. या प्रवासात झिरकॉनची घनता सुमारे ४.७ वरून ४.० च्या आसपास उतरते, आकारमान सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, तर अपवर्तनांक व काठिण्य घटते. एकाच कणात युरेनियमचे प्रमाण थरागणिक वेगळे असल्याने काही थर अधिक फुगतात, काही कमी. त्या ताणामुळे कणाला सूक्ष्म भेगाही पडतात.

३. अभ्यासाची वाटचाल

'मेटामिक्ट' ही संज्ञा नॉर्वेचे भूवैज्ञानिक ब्र्योगर यांनी १८९३ मध्ये योजली. किरणोत्सर्गाचा शोध १८९६ चा. म्हणजे कारण ठाऊक होण्यापूर्वीच लक्षणाला नाव मिळाले होते. १९०७ मध्ये आयर्लंडचे जॉन जोली यांनी काळ्या अभ्रकातील झिरकॉनच्या कणांभोवती दिसणाऱ्या गडद वर्तुळांचा उलगडा केला. ही वर्तुळे झिरकॉनमधून बाहेर पडून अभ्रकात शिरलेल्या अल्फा-कणांनी निर्माण केलेली होती. १९१३ मध्ये जोली व अर्नेस्ट रदरफर्ड यांनी या वर्तुळांच्या गडदपणावरून खडकाचे वय काढण्याचा प्रयत्न केला. हानीवरून काळ मोजण्याच्या कल्पनेचा उगम येथे आढळतो. पुढच्याच वर्षी स्वीडनचे हाम्बेर्ग यांनी मेटामिक्ट अवस्थेचे कारण खनिजातील स्वतःचाच अल्फा-किरणोत्सर्ग हे असावे, असे सुचविले.

शिशाचे समस्थानिक एका कणावर अचूकपणे मोजण्याची साधने विसाव्या शतकाच्या मध्यास उपलब्ध नव्हती. त्यामुळे हानी हेच घड्याळ मानता येईल का, हा प्रश्न पुन्हा पुढे आला. १९५३ मध्ये हर्ली व फेअरबेर्न यांनी झिरकॉनमधील हानीचा कालमापनाची संभाव्य पद्धत म्हणून विचार मांडला. १९५५ मध्ये हॉलंड व गॉटफ्रीड यांनी श्रीलंकेतील झिरकॉनांचा अभ्यास करून अल्फा-क्षयांच्या संख्येबरोबर घनता, अपवर्तनांक आणि क्ष-किरणांनी मिळणारी स्फटिक-परिमाणे कशी बदलतात, हे दाखवून दिले. हा अभ्यास पुढील संशोधनाचा पाया ठरला. तथापि हानीवरून काढलेली वये वारंवार खऱ्या वयांपेक्षा कमी येऊ लागली आणि ही पद्धत मागे पडली. ती वये कमी का येत होती, याचे उत्तर पुढे मिळाले; त्या उत्तरातच हानीच्या मापनाचे आजचे महत्त्व आहे.

४. हानी मोजण्याच्या पद्धती

हानी मोजताना दोन वेगळ्या राशींची गल्लत होऊ देता कामा नये. स्फटिकाने आजवर किती अल्फा-क्षय सोसले, ही पहिली राशी. तिला अल्फा-मात्रा म्हणतात. त्या क्षयांपैकी कितींची खूण आज रचनेत शिल्लक आहे, ही दुसरी राशी. पहिली गणिताने मिळते. दुसरी प्रत्यक्ष मोजावी लागते.

अल्फा-मात्रा काढण्यासाठी युरेनियम व थोरियमचे प्रमाण आणि स्फटिकाचे वय माहीत असावे लागते. मिळणाऱ्या संख्या प्रचंड असल्याने येथे 'दर ग्रॅम झिरकॉनमध्ये एकावर अठरा शून्ये इतके अल्फा-क्षय' हे एक एकक मानले आहे. समजा, एका झिरकॉनमध्ये दशलक्ष भागांत ५०० भाग युरेनियम असून त्याचे वय ५५ कोटी वर्षे आहे. थोरियमचा अल्प वाटा सोडून दिला, तर त्याची अल्फा-मात्रा सुमारे ०.९४ एकक येते. इतकेच युरेनियम पण ६.६ कोटी वर्षे वय असेल, तर ती सुमारे ०.११ एकक भरते. ४४० कोटी वर्षे वय असेल, तर सुमारे १४.६ एकके. मुराकामी व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये श्रीलंकेच्या झिरकॉनांवरून दाखविले, की सुमारे ३ एककांपर्यंत स्फटिकी रचना टिकून असते, ३ ते ८ एककांच्या दरम्यान ती झपाट्याने ढासळते आणि ८ एककांपलीकडे स्फटिक जवळजवळ पूर्णतः मेटामिक्ट होतो.

शिल्लक हानी मोजण्यासाठी घनता, अपवर्तनांक आणि क्ष-किरण विवर्तन या जुन्या पद्धती होत्या. त्यांना मोठे कण लागत आणि संपूर्ण कणाची सरासरीच हाती येई. आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत रामन वर्णपटाची आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामावर ती आधारलेली आहे. लेसरचा किरण खनिजावर टाकला असता विखुरलेल्या प्रकाशाचा अल्प भाग वेगळ्या तरंगलांबीचा निघतो. हा फरक अणूंच्या कंपनांवर अवलंबून असतो. झिरकॉनमधील सिलिकॉन-ऑक्सिजन बंधांचे एक कंपन वर्णपटात दर सेंटिमीटरला सुमारे १,००८ तरंगसंख्येपाशी ठळक पट्टा उमटवते. रचना निर्दोष असेल, तर सर्व बंध सारखेच कंप पावतात आणि पट्टा अरुंद येतो. अर्ध्या उंचीवर त्याची रुंदी २ तरंगसंख्यांहूनही कमी असते. हानी वाढत गेली, की बंधांच्या लांबीत व कोनांत तफावत पडते. पट्टा रुंदावतो आणि कमी तरंगसंख्येकडे सरकतो. तीव्र हानी झालेल्या झिरकॉनमध्ये ही रुंदी ३० च्या पुढे जाते.

या पद्धतीचे दोन लाभ आहेत. एक, लेसरचा ठिपका एखाद्या मायक्रोमीटरचा असल्याने कणाच्या प्रत्येक थरातील हानी स्वतंत्रपणे मोजता येते. दोन, कण नष्ट होत नाही; त्याच जागेवर नंतर युरेनियम-शिसे वय काढता येते. मात्र उपकरणामुळे पट्ट्याला येणारी जादा रुंदी वजा करणे आणि युरेनियमचे मापन नेमक्या त्याच थरात करणे, ही पथ्ये पाळावी लागतात. अन्यथा एका थराची हानी आणि दुसऱ्याच थराचे युरेनियम यांचा मेळ घातला जाऊन निष्कर्ष चुकतो.

विखंडन-मार्गांची मोजणी ही आणखी एक पद्धत होय. कणाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत करतात आणि त्यावर योग्य रसायनाची प्रक्रिया करतात. हानी झालेला भाग लवकर विरघळत असल्याने मूळचे अतिसूक्ष्म मार्ग रुंद होऊन साध्या सूक्ष्मदर्शीखाली रेघांसारखे दिसतात. युरेनियमचे प्रमाण ठाऊक असल्यास या रेघांच्या घनतेवरून वय मिळते. फ्लायशर, प्राइस आणि वॉकर यांनी १९६० च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. एकूण हानी फार वाढलेल्या कणात मात्र भोवतालचा भागही विरघळू लागतो आणि रेघा मोजता येत नाहीत.

५. हिशेबातील तूट : श्रीलंकेचे झिरकॉन

आता पुन्हा हर्ली-फेअरबेर्न यांच्या काळातील अडचणीकडे वळता येईल. श्रीलंकेतील रत्नगर्भ वाळूत मिळणारे झिरकॉन सुमारे ५५ ते ५७ कोटी वर्षांचे आहेत. ते मोठे व एकजिनसी असून त्यांच्यातील युरेनियमचे प्रमाण कणागणिक पुष्कळ वेगळे असते. वय जवळपास एकच, पण अल्फा-मात्रा निरनिराळी, असा हा निसर्गानेच मांडलेला प्रयोग असल्याने हानीच्या बहुतेक मोजपट्ट्या या झिरकॉनांवरूनच तयार झाल्या.

परंतु लुट्झ नास्डाला व सहकाऱ्यांनी जलद थंड झालेल्या, त्यानंतर पुन्हा न तापलेल्या खडकांतील झिरकॉनांशी त्यांची तुलना केली, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. श्रीलंकेच्या झिरकॉनांत त्यांच्या वयाच्या मानाने असायला हवी तेवढी हानी नव्हती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार संपूर्ण वयावरून येणाऱ्या अल्फा-मात्रेपैकी सुमारे ५५ टक्के मात्रेएवढीच हानी त्यांच्यात शिल्लक आहे. उरलेली भरून निघाली आहे.

स्फटिक पुरेसा उष्ण असेल, तर उखडलेले अणू पुन्हा आपापल्या जागी बसू लागतात. उष्णतेने होणाऱ्या या दुरुस्तीमुळे हानी पूर्णपणे साठत नाही. ज्या तापमानाखाली हानी टिकून राहू लागते, ते कंपनाच्या पट्ट्यानुसार साधारण २६० ते ३७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असल्याचे २०२१ मध्ये हेर्टेल व सहकाऱ्यांनी तापविण्याच्या प्रयोगांवरून काढले. म्हणजेच हानीचे घड्याळ स्फटिकाच्या जन्मापासून चालत नाही. भोवतालचा खडक या तापमानाखाली निवल्यानंतरच ते चालू होते.

यावरून १९५० च्या दशकातील वये कमी का येत होती, हे स्पष्ट होते. मापन चुकीचे नव्हते. विचारलेला प्रश्न चुकीचा होता. हानी जन्मकाळ सांगत नाही, ती थंड होण्याचा काळ सांगते. गणिताने आलेली अल्फा-मात्रा आणि प्रत्यक्ष शिल्लक हानी यांतील तूट हीच खडकाच्या तापीय इतिहासाची नोंद होय.

६. हानी आणि शिशाची गळती

अबाधित झिरकॉनमधून शिसे विसरणाने बाहेर पडण्यास ९०० अंशांहून अधिक तापमान लागते. तरीही अनेक झिरकॉनांत शिसे गमावल्याची चिन्हे आढळतात. १९६३ मध्ये सिल्व्हर व डॉइच यांनी अमेरिकेतील अॅरिझोनाच्या एका ग्रॅनोडायोराइट खडकातील झिरकॉन वेगवेगळ्या गटांत विभागून तपासले. ज्या गटात युरेनियम अधिक, त्या गटात शिशाची गळतीही अधिक, असे त्यांना आढळले. युरेनियम अधिक म्हणजे हानी अधिक, आणि हानी अधिक म्हणजे शिशाला वाट मोकळी, हा संबंध त्यातून दिसून आला. हानीचे ठिपके परस्परांना जोडले गेले, की सलग मार्ग तयार होतो आणि भूजलासारख्या द्रवांना स्फटिकाच्या अंतर्भागात शिरकाव मिळतो.

उपाय दोन प्रकारे शोधले गेले. टॉम क्रोग यांनी १९८२ मध्ये हवेच्या झोताने कण एकमेकांवर घासून त्यांचा बाहेरील, बहुधा अधिक हानी झालेला भाग काढून टाकण्याची पद्धत आणली. जेम्स मॅटिन्सन यांनी २००५ मध्ये रासायनिक पद्धत मांडली. तीत झिरकॉन प्रथम सुमारे ८०० ते १,००० अंश तापमानाला दोन-अडीच दिवस तापवितात. त्यामुळे किरकोळ हानी झालेले भाग दुरुस्त होतात. नंतर हायड्रोफ्लुओरिक आम्लात ठेवल्यावर दुरुस्त न झालेले, तीव्र हानीचे भाग विरघळून जातात. ज्या भागातून शिसे निसटण्याचा धोका असतो तोच भाग वेचून काढला जातो आणि उरलेल्या अबाधित स्फटिकावरून वय काढले जाते.

या काळजीचे मोल महाराष्ट्राच्या संदर्भात विशेष जाणवते. दख्खनचे बेसाल्ट आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉरांसह अनेक जीवजाती ज्यात नष्ट झाल्या तो महाविनाश, यांचा संबंध हा दीर्घकाळ वादाचा विषय आहे. बेसाल्टमध्ये झिरकॉन सहसा नसतो. तथापि पश्चिम घाटात बेसाल्टच्या थरांदरम्यान आढळणाऱ्या तांबड्या पट्ट्यांत काही ठिकाणी ज्वालामुखी राखेतून आलेले झिरकॉन मिळतात. ब्लेअर शोएन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अशा झिरकॉनांवर ही रासायनिक प्रक्रिया करून वये काढली. मुख्य उद्रेक महाविनाशाच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाला आणि तो सुमारे साडेसात लाख वर्षे चालला, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१९ मध्ये याच गटाने झिरकॉनवरून, तर स्प्रेन व सहकाऱ्यांनी बेसाल्टमधील आर्गॉनवरून उद्रेकांचे तपशील मांडले. किती लाव्हा महाविनाशापूर्वी आला आणि किती नंतर, याबाबत दोन्ही चित्रे पूर्णतः जुळत नाहीत.

येथे एक साधा हिशेब उद्बोधक ठरतो. ६.६ कोटी वर्षांच्या झिरकॉनने आपल्या शिशापैकी केवळ १ टक्का अलीकडे गमावला असेल, तर युरेनियम-२३८ वरून काढलेले त्याचे वय सुमारे ६ लाख ६० हजार वर्षांनी कमी येईल. म्हणजे ही चूक दख्खनच्या मुख्य उद्रेकाच्या संपूर्ण कालावधीएवढी होईल, आणि कारण व परिणाम यांचा क्रमच उलटा दिसू शकेल. अशा तरुण झिरकॉनची एकूण अल्फा-मात्रा कमी असली, तरी युरेनियमने समृद्ध अशा एखाद्या थरातील हानीही तेवढ्या चुकीला पुरेशी ठरते.

७. सर्वांत जुन्या कणांची साक्ष

याच प्रश्नाचे दुसरे टोक पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथे आढळते. २००१ मध्ये सायमन वाइल्ड, जॉन व्हॅली व सहकाऱ्यांनी तेथील एका झिरकॉनच्या भागाचे वय ४४० कोटी ४० लाख वर्षे असल्याचे जाहीर केले. या कणांवरून पृथ्वीवर फार लवकर भूकवच व पाणी अस्तित्वात आले असावे, असे अनुमान काढण्यात आले. साहजिकच एक गंभीर शंका उपस्थित झाली. शिसे स्फटिकाबाहेर न जाता हानी झालेल्या वाटांनी आतल्या आत सरकून एखाद्या ठिकाणी गोळा झाले असेल, तर त्या ठिकाणचे वय खऱ्यापेक्षा जास्त भरणार नाही काय?

याचे उत्तर मिळण्यासाठी शिशाचे अणू प्रत्यक्ष कोठे आहेत, हे पाहणे भाग होते. व्हॅली व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ४३७ कोटी ४० लाख वर्षे वयाच्या झिरकॉनवर अणूंची स्थाने टिपणाऱ्या तंत्राचा वापर केला. शिसे खरोखरच सरकलेले आढळले. ते सुमारे १० नॅनोमीटर व्यासाच्या पुंजक्यांत गोळा झाले होते. हे पुंजके म्हणजे जुन्या हानीच्या जागा होत. सुमारे ३४० कोटी वर्षांपूर्वी खडक तापला तेव्हा शिसे त्यांच्यात साठले. मात्र पुंजक्यांतील अंतरे अवघी काही दशक नॅनोमीटर होती. वय काढण्यासाठी वापरला जाणारा आयन-किरणाचा ठिपका सुमारे २० मायक्रोमीटर रुंद असतो. त्यात असे असंख्य पुंजके एकत्र मोजले जातात आणि सरासरी वयाला बाधा येत नाही. हानीच्या मापनाने अशा प्रकारे पृथ्वीच्या सर्वांत जुन्या ज्ञात कणांच्या वयाला आधार दिला.

चौथ्या भागातील हिशेब येथे पुन्हा आठवणे योग्य होईल. ५०० भाग युरेनियम असलेला इतका जुना कण १४.६ एकके मात्रा सोसून स्फटिक म्हणून टिकणे अशक्यप्राय आहे. १०० भाग युरेनियम असेल, तर ती मात्रा सुमारे २.९ एकके येते. तात्पर्य, आज हाती येणारे अतिप्राचीन झिरकॉन हे मुख्यतः कमी युरेनियमचे किंवा मध्यंतरी उष्णतेने दुरुस्त झालेले कण आहेत. प्राचीन पृथ्वीविषयी बोलताना हा निवडीचा परिणाम ध्यानात ठेवला पाहिजे.

८. एका कणातील अनेक घड्याळे

अल्फा-कण म्हणजे हेलियमचे अणुकेंद्र. झिरकॉनमध्ये साठलेल्या हेलियमवरूनही वय काढतात. ते सुमारे १८० अंशांखाली थंड होण्याचा काळ सांगते. मात्र गुंथनर व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखविले, की हे तापमान हानीवर अवलंबून असते. हानी थोडी असताना विस्कळीत ठिपके हेलियमच्या सरळ वाटा अडवतात आणि हेलियम अधिक घट्ट धरून ठेवला जातो. हानी वाढून ठिपके जोडले गेले, की तेच ठिपके बाहेर पडण्याची वाट बनतात. हानी न मोजता हेलियम-वयाचा अर्थ लावणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

अशा रीतीने युरेनियम-शिसे पद्धत स्फटिकाचा जन्म सांगते, रामन वर्णपटातील हानी सुमारे २६० ते ३७० अंशांखालील, विखंडन-मार्ग सुमारे २४० अंशांखालील आणि हेलियम त्याहून कमी तापमानाखालील काळ सांगतो. खोलवरचा खडक वर येताना क्रमाने थंड होतो. त्यामुळे ही वये एकत्र ठेवली, तर पर्वत केव्हा व किती वेगाने उंचावला, याचा अंदाज बांधता येतो.

तथापि हानीच्या वयाला स्वतंत्र, प्रस्थापित पद्धतीचा दर्जा अद्याप सर्वमान्यपणे मिळालेला नाही. दुरुस्तीचा वेग हानीच्या प्रमाणानुसार बदलतो. प्रयोगशाळेतील काही दिवसांच्या तापविण्यावरून कोट्यवधी वर्षांचे अनुमान काढावे लागते. शिवाय तीव्र हानी झालेल्या कणांत रामन पट्टा इतका पसरट होतो, की मापन अनिश्चित बनते.

निष्कर्ष

झिरकॉनमधील किरणोत्सर्गजन्य हानी ही कालमापनातील केवळ अडचण नव्हे. ती मोजली, की कोणत्या कणाच्या आणि कणातील कोणत्या थराच्या वयावर विश्वास ठेवावा, हे ठरविता येते. ती गणिताशी ताडून पाहिली, की खडक केव्हा निवला व पुन्हा केव्हा तापला, हे कळते. ज्या तुटीमुळे १९५० च्या दशकात ही पद्धत मागे पडली, तीच तूट आज तापीय इतिहासाची साधनसामग्री ठरली आहे.

मापन आणि अपेक्षा यांतील फरक नेहमीच मापनाचा दोष असतो असे नाही. पुष्कळदा तो अद्याप न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असतो. अध्यापनाच्या दृष्टीनेही हा विषय उपयुक्त आहे. अणुकेंद्राचा क्षय, स्फटिकाची रचना, रामन परिणाम, आम्लांची रासायनिक क्रिया आणि खडकांचा इतिहास हे पदवी अभ्यासक्रमात वेगवेगळ्या विभागांत शिकविले जाणारे घटक येथे एका कणाच्या अभ्यासात एकत्र येतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व भूविज्ञान या विभागांनी मिळून विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, असे हे उदाहरण आहे.